तांबडी पुडी

राजगोपालच्या घरी छताचा पंखा यायला तीन उन्हाळे लागले, कारण देव दोनदा नको म्हणाला.

हसू नका, खरी गोष्ट आहे. कुंभकोणमचा उन्हाळा म्हणजे सकाळी नऊलाच सदरा पाठीला चिकटलेला. तिथं घरातली चार शहाणीसुरती माणसं दोन वर्षं ताडाच्या पंख्यानं वारा घेत बसली, कारण व्यंकोबाच्या तसबिरीपुढं ठेवलेल्या पुडीतून दोन्ही खेपेला तांबडं फूल निघालं. तिसऱ्या वर्षी पांढरं निघालं तेव्हा पंखा आला. आणि तोही तीन पात्यांचा की चार पात्यांचा, यासाठी परत पुड्या! आता काय बोलायचं या माणसांना?

याला त्या घरात 'फुलं बांधून बघणं' म्हणत. कोकणात कौल लावतात तसलाच प्रकार. तमिळ मुलखात घरोघर चालतो, आणि भोसल्यांच्या वेळेला तंजावरकडे येऊन राहिलेली ही मराठी माणसं, उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर तमिळ बोलणारी, त्यांनीही तो कधीतरी उचलला. एका कागदात पांढरं फूल, दुसऱ्यात तांबडं. कागद एकच, दोरा एकच, गाठही सारखी. देवापुढं ठेवायच्या आणि एक उचलायची. पांढरं निघालं तर हो, तांबडं निघालं तर नाही.

राजगोपालच्या वडिलांनी, म्हणजे हयग्रीवरावांनी, याचे नियम घालून दिले होते. ज्याचा प्रश्न त्यानंच उचलायची, आंघोळ करून, डोळे मिटून. आणि फुलं बिनवासाचीच हवीत. पांढरी तगर आणि तांबडी कण्हेर. "वासाचं फूल घातलं तर तो देवाचा कौल नव्हे, नाकाचा," असं ते म्हणत. हयग्रीवराव गेले, पण नियम राहिले, आणि मुलगा तर बापाच्या वरताण निघाला. हायस्कुलात भूगोल शिकवायचा. पोरांना भिंतीवरच्या नकाशात दिशा दाखवायचा, आणि स्वतः मात्र भाजी कोठल्या बाजारातून आणायची हे विचारायला देवघरात जायचा.

या सगळ्याचा खरा ताप व्हायचा तो त्याच्या धाकट्या बहिणीला, भुवनाला. नाव भुवनेश्वरी, पण एवढं लांब नाव घ्यायला त्या घरात कोणाला वेळ नव्हता. या घरात डोकं फक्त आपल्याला आहे असं तिचं स्वच्छ मत होतं, आणि ते ती दिवसातून दोन-तीनदा बोलूनही दाखवायची.

"अण्णा, शिंक आली की पुड्या बांधूं का?" ती विचारायची. "येऊं द्यावी की नको?"

अण्णा रागावायचा नाही. तेच तिला जास्त लागायचं. तो चष्मा पुसायचा आणि म्हणायचा, "देवाला विचारलं तर काय बिघडतं गे?"

भुवना पोट्रामरै तळ्याच्या बाजूच्या गल्लीत, एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायची. माडीवरची लांबट खोली, तिच्यात चौदा मशिनं, आणि सकाळी सहापासून असा काही खडखडाट की खालचा विड्याच्या पानांचा व्यापारी गिऱ्हाइकाशी खुणांनी बोलायचा. मालक सत्यनारायण सर. भुवना त्यांच्याकडं अठराव्या वर्षी शिकायला आली, लोअरची परीक्षा झाली, हायरची झाली, इंग्रजी झालं, तमिळ झालं, शॉर्टहँडही झालं. सर नव्या पोरींना तिच्या मशिनाजवळ उभं करायचे आणि म्हणायचे, "नुसतं ऐका. बघू नका, ऐका." तिची बोटं चालायला लागली की आवाजात खाच म्हणून नसायची. त्या माडीवर तिच्यापुढं कोणी नव्हतं, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं.

त्र्याऐंशीच्या मे महिन्यात तिला सरकारी नोकरीची ऑर्डर आली. तिरुचीच्या एका कचेरीत टायपिस्ट. दहा दिवसांत हजर व्हायचं. भुवना तेव्हा चोवीस वर्षांची. तिच्याबरोबर परीक्षा दिलेली सुब्बलक्ष्मी, जिचा वेग भुवनाच्या अर्धासुद्धा नव्हता आणि जी 'डी' आणि 'एस' यांत दर ओळीला घोळ घालायची, तिलाही त्याच कचेरीची ऑर्डर आली. सुब्बलक्ष्मी त्याच दिवशी ट्रंक घ्यायला बाजारात गेली.

भुवनाच्या घरी ट्रंक नाही आली. अण्णा तिला घेऊन एकदा तिरुचीला जाऊन कचेरी आणि बायकांचं वसतिगृह बघून आला. घरी आल्यावर आईनं, लक्ष्मीदेवींनी, विचारलं, "काय ठरलं?" अण्णानं चष्मा पुसला.

"फुलं बांधून बघूं."

भुवनानं आकाशपाताळ एक केलं. "माझी परीक्षा मी दिली! माझी बोटं चालली! तेव्हा व्यंकोबा आला होता का मशिनावर बसायला? आता कशाला त्याला मध्ये आणतोस?" असं खूप बोलली. सगळं बोलली, पण 'मी जाते' एवढं दोन शब्दांचं वाक्य मात्र बोलली नाही. ते त्या दिवशी कोणाच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुड्या बांधायचं काम वैनीकडं आलं. मंगलावैनी लग्न होऊन त्या घरात येऊन सहा महिने झाले होते. बोलणं कमी, पावलांचा आवाज नाही, आणि जिथं उभी असेल तिथून कोणाला अडचण होणार नाही अशी उभी. तिनं परसातून फुलं आणली, आत बसून पुड्या बांधल्या आणि ताम्हनात घालून तसबिरीपुढं ठेवल्या. भुवना न्हाऊन आली. नमस्कार केला, डोळे मिटले, वाकली. वाकल्यावर जरा थांबली. मग डावीकडची पुडी उचलली.

अण्णानं गाठ सोडली. कण्हेर. तांबडीलाल.

"नाही म्हणतो," अण्णा म्हणाला. आईच्या चेहऱ्यावर जे आलं ते समाधान होतं. भुवना ताडताड पाय आपटत माडीवरच्या मशिनांकडं गेली. तिथं तिनं इतक्या जोरात टाइप केलं की एका ओळीत कागदाला भोकं पडली.

पुढची तेरा वर्षं त्या घरानं काय ऐकलं म्हणून सांगू! भाताला चटका लागला की, "तिरुचीला असते तर निदान दुसऱ्याच्या हातचं करपलेलं खाल्लं असतं." पाऊस आला की, "तिरुचीत एवढा चिखल नसतो." लग्नाची दोन स्थळं पुड्यांनी घालवली, तिसऱ्याला भुवनानं स्वतःच तोंडानं घालवलं, पण दोष तिन्ही खेपेला अण्णाच्या पदरात. देवालाही सोडलं नाही. संध्याकाळी दिवा लावताना ती व्यंकोबाकडं अशी बघायची, जशी एखादी बाई उधळ्या नवऱ्याकडं बघते. "देवानंच नाही म्हटलं, मी काय करणार?" हे वाक्य तर तिच्या जिभेवर इतकं बसलं होतं की माडीवरच्या पोरीसुद्धा तिच्या मागं त्याची नक्कल करायच्या. आई गेली तेव्हाही, तेराव्याच्या दिवशी जमलेल्या पाहुण्यांपुढं, भुवनानं तिरुचीचा विषय काढला. अण्णा उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसला.

भरीला भर म्हणून सुब्बलक्ष्मी दर दिवाळीला यायची. आधी टायपिस्ट, मग वरची, मग सुपरिंटेंडेंट. हातात घड्याळ, डोळ्यांना चष्मा, आणि बोलण्यात ऑफिसातल्या साहेबांची नावं. "तू असतीस तर माझ्याही पुढं गेली असतीस," ती मनापासून म्हणायची. भुवना तिला कॉफी द्यायची आणि ती जाईपर्यंत बरं बोलायची. ती गेली की दोन दिवस घरात कोणी सुखानं जेवत नसे.

शहाण्णव साल उजाडेपर्यंत माडीवरचा खडखडाट बराच कमी झाला होता. पोरं येत, पण जिना चढून आल्याबरोबर विचारत, "कॉम्प्युटर आहे का?" नाही म्हटलं की तसंच उतरत. चौदातली सहा मशिनं कापड घालून कोपऱ्यात उभी. जूनमध्ये एका सोमवारी सत्यनारायण सरांनी भुवनाला समोर बसवलं. सर आता सत्तरीचे, हात थोडे कापायचे.

"मी मुलाकडं होसूरला चाललो," ते म्हणाले. "खोली दोन जण मागतायत, एक मिठाईवाला आणि एक तू."

"मी कधी मागितली सर?"

"मागितली नाहीस. मागावीस असं म्हणतोय. मशिनं तुझी, नाव तुझं. पण नुसत्या मशिनांवर आता दोन वर्षं निघणार नाहीत. कॉम्प्युटर ठेवावे लागतील, आणि ते शिकवायला आधी शिकावे लागतील. तिरुचीत सहा आठवड्यांचा वर्ग आहे. तिथंच राहून शिकायचं. जाणार का सांग. शुक्रवारी साडेदहाला राहुकाळ लागतो, त्याआधी सांग. नाहीतर मिठाईवाल्याला हो म्हणतो."

तिरुची! सदतिसाव्या वर्षी, केसांत पांढरं दिसायला लागल्यावर, वीस-बावीस वर्षांच्या पोरापोरींच्या मध्ये जाऊन बसायचं, आणि ज्या मशिनाचं तोंडसुद्धा कधी पाहिलं नाही त्याच्यापुढं बोटं कुठं ठेवायची हे विचारायचं. न जावं तर माडी गेली, मशिनं भंगारात गेली, आणि ती अण्णाच्या घरात दिवसभर बसून भाताला चटका लागतोय का बघणार.

घरी येऊन तिनं सांगितलं. आणि अण्णा काय म्हणाला असेल ते तुम्हांला सांगायला नकोच.

"शुक्रवारी सकाळी फुलं बांधून बघूं."

भुवना एवढी भडकली की मंगलावैनीनं चूल बारीक केली. "परत? तेरा वर्षं माझ्या आयुष्याला ती कण्हेर चिकटलीय, ती पुरली नाही तुला? तू भूगोल शिकवतोस, अण्णा! पृथ्वी गोल आहे हे तरी तुज पटलंय का, की त्यालाही पुड्या बांधल्या होत्यास?" ती थांबली की अण्णा चष्मा पुसणार हे ठाऊक असल्यामुळं ती थांबलीच नाही. पण गंमत बघा, या खेपेलाही ती सगळं बोलली आणि 'मी जाते' एवढंच नाही बोलली. 'मी जात नाही' असंही नाही. सोमवार, मंगळवार, बुधवार गेले. ती मनात म्हणत होती, बघूं या, शुक्रवारी काय निघतं ते.

गुरुवारी दुपारी ती परसात वैनीबरोबर शेंगा निवडत बसली होती. वैनीचे केस आता पुष्कळ पिकले होते. तगरीचं झाड कुंपणाशी फुललेलं होतं. वैनी त्याच्याकडं बघून म्हणाली, "उद्याला तगर चिक्कार आहे. बरं झालं."

"त्यात बरं काय झालं?"

"भुवना, एक विचारूं? रागावू नको. तेरा वर्षं मनात आहे माझ्या."

"विचारा."

"त्या दिवशी मी तगर नव्हती घातली पुडीत. मोगरा घातला होता."

भुवनाच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"मुद्दाम," वैनी म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की कान द्यावे लागले. "मला वाटलं, ही पोर एवढी शिकलेली, एवढी तडफडतेय जायला. मामंजींचा नियम मोडला, पाप लागलं असेल तर लागू दे म्हटलं. टपोरा मोगरा घातला, दोन कळ्या. कागदातनं वास येत होता नुसता. मी दाराशी उभी होते, तिथवर येत होता. म्हटलं, वाकली की कळेल तिला पांढरी कोठली ते. आणि तू उचललीस कण्हेर." वैनीनं पदरानं कपाळ पुसलं. "तुला वास नाही आला का गे?"

भुवना एकदम उठली. मांडीवरच्या शेंगा सगळ्या भुईवर.

"मला सर्दी झाली होती!" ती ओरडली. "भर मे महिन्यात सर्दी! आणि तुम्हांला कोणी सांगितलं होतं असले उपद्व्याप करायला? या घरात एक माणूस सरळ नाही! एक देवाला विचारतो, दुसरी देवाला फसवते, आणि मध्ये मी मरते!"

वैनीनं मान खाली घातली आणि सांडलेल्या शेंगा गोळा करायला लागली. भुवना चप्पल अडकवून तडक माडीवर गेली.

दुपारच्या त्या वेळी तिथं कोणी नव्हतं. ती आपल्या मशिनापुढं बसली. कागद घातला नाही. मशीन, कोपरा, झाकलेली सहा मशिनं, सगळ्यांकडं रागानं बघत बसली. वैनीवर राग, अण्णावर राग, मेलेल्या बापावर राग. पण राग कितीही मोठा केला तरी त्याच्या खालून एक गोष्ट वर यायला लागली, आणि तिला दाबायला आता हाताशी कोणी उरलं नव्हतं.

सर्दी झाली नव्हती.

वास आला होता. वाकल्याबरोबर आला होता, उजवीकडच्या पुडीतून. जन्म कुंभकोणममध्ये गेलेल्या, रोज केसांत मोगरा माळणाऱ्या बाईला मोगऱ्याचा वास ओळखायला डोळे लागतात का? तिला एका क्षणात कळलं होतं, पांढरी उजवीकडं आहे. आणि कळल्यावर ती थांबली होती. त्या थांबण्यात तिला तिरुचीची ती कचेरी दिसली होती. लांब हॉल, तीस टायपिस्ट, आणि दाराजवळची एक काळीसावळी बाई, जी शेजारणीशी बोलत बोलत, मशिनाकडं न बघता टाइप करत होती. भुवनानं नुसतं ऐकलं होतं. बघितलं नव्हतं, ऐकलं होतं. त्या आवाजात खाच नव्हती, आणि तो तिच्यापेक्षा जलद होता. तिसांतली कोण जाणे कितवी ती. इथं माडीवर आपल्यापुढं कोणी नाही, आणि तिथं आपण रांगेतल्या एक. आणि वसतिगृहातली चार खाटांची ती खोली, जिथं पहाटे जाग आली तर मराठीत 'किती वाजले' विचारायलाही कोणी नव्हतं.

तिनं डावीकडची उचलली. डोळे मिटून, देवासमोर, ठरवून उचलली. मग तेरा वर्षं घरातल्या प्रत्येकाला धरून बदडलं.

"भवाने!" ती मोठ्यानं म्हणाली. रिकाम्या खोलीत ते तिला स्वतःलाच ऐकू आलं. रडू येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही. आली ती नुसती चीड, आणि या खेपेला ती कोणावर काढायची ते सुचेना. तिनं झाकलेल्या मशिनांवरची कापडं ओढून काढली, झटकली, आणि एकेक मशीन पुसून काढलं. बोटं शाईनं काळी झाली. घरी गेल्यावर ती वैनीनं वाढलेलं मुकाट्यानं जेवली.

शुक्रवारी सकाळी ती न्हाऊन देवघरात आली. ताम्हनात दोन पुड्या होत्या. अण्णा सोवळ्यात उभा, वैनी दाराशी. भुवनानं व्यंकोबाला नमस्कार केला. नेहमीपेक्षा जास्त वेळ वाकून केला, कारण तिला त्याची माफी मागायची होती आणि ती मोठ्यानं मागायची तिची तयारी नव्हती. मग ती सरळ उभी राहिली.

"मी उचलणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही उचलणार. मी तिरुचीला जाणार. सरांना हो सांगणार. सहा आठवडे राहणार, शिकणार आणि येऊन माडी चालवणार."

अण्णाचा हात सवयीनं चष्म्याकडं गेला. "देवाला विचारल्याशिवाय?"

"देव काही बोलला नाही, अण्णा. तो इथं भिंतीवर गप्प उभा आहे आणि आपण सगळे त्याच्या नावावर आपापलं चालवतोय. त्याला आता सोडूं या थोडे दिवस."

"आणि चुकलं तर?"

"चुकलं तर माझं चुकलं."

आणि मग आजवर कधी न झालेली गोष्ट झाली. अण्णाला राग आला. सोवळं नेसलेला, पोट सुटलेला, त्रेपन्न वर्षांचा तो भूगोलाचा मास्तर ओरडायला लागला. "तुझं चुकलं कसं होईल गे? तुझं कधी चुकलंय? तेरा वर्षं तू मज बोल लावलास! आईच्या तेराव्याला लावलास, चार माणसांत! मी ऐकून घेतलं. म्हटलं, बोलू दे, तिचं दुःख आहे. पण मी उचलली होती का ती पुडी? सांग ना! मी उचलली होती?"

भुवनाच्या तोंडावर नेहमीचं उत्तर तयार होतं. देवानंच. तिनं ते गिळलं, आणि ते जाताना चांगलंच टोचलं.

"नाही," ती म्हणाली. "मी उचलली होती."

अण्णानं चष्मा काढला आणि पुसायला लागला, आणि भुवनाला आयुष्यात पहिल्यांदा त्याचा राग आला नाही. तिनं घड्याळाकडं बघितलं. नऊ वाजून वीस मिनिटं. ती तशीच ओल्या केसांनी सरांकडं गेली.

सर कॉफी घेत होते. "काय निघालं?" त्यांनी विचारलं. सगळ्या गल्लीला त्या घरच्या पुड्या ठाऊक होत्या.

"काही निघालं नाही. मी जातेय."

"घाबरलीयस."

"खूप," भुवना म्हणाली. "मिठाईवाल्याला नाही सांगा, लवकर. माझं मन फिरायच्या आत."

निघायच्या दिवशी अण्णा आणि वैनी दोघं बसस्टँडवर आली. अण्णानं ट्रंक उचलून आत ठेवली आणि सीटखाली नीट सरकवली. मग खिडकीशी येऊन उभा राहिला आणि दर दोन मिनिटांनी म्हणायला लागला, "अजून वेळ आहे." कशाला वेळ आहे ते मात्र सांगेना. "छत्री घेतलीस का? तिथं वाऱ्याची दिशा..." "अण्णा," भुवना म्हणाली, "तिरुची इथून पश्चिमेला आहे. एवढं मला कळतं. घरी जा आता." तो गेला नाही. बाजूच्या टपरीवरून तिच्यासाठी केळी आणायला गेला, आणि कोठली आणावी यावर तिथं उभा राहून विचार करायला लागला. ते बघून भुवनाच्या डोक्यात परत तिडीक गेली. केळ्यांसाठी इथं कोणी पुड्या बांधणार नव्हतं, आणि त्याची ती सवय कधीच जाणारही नव्हती.

खिडकीशी वैनी राहिली. गुरुवारपासून दोघी एकमेकींशी कामापुरतंच बोलत होत्या. वैनीनं पिशवीतून केळीच्या पानात गुंडाळलेला गजरा काढला आणि खिडकीतून आत दिला. टपोरा मोगरा. भुवनानं तो उलगडला, मान वळवली आणि अंबाड्यात खोवला. शेजारच्या सीटवरची बाई वासानं हसली.

कंडक्टरनं शिट्टी मारली. अण्णा दोन्ही प्रकारची केळी घेऊन धावत येत होता.

"सर्दी नव्हती, वैनी," भुवना खिडकीतून म्हणाली. बस हलायला लागली होती, म्हणून तिला ओरडूनच सांगावं लागलं. "वास आला होता मला. चांगला आला होता."

वैनी खांबाला धरून उभी होती. तिनं मान हलवली फक्त, ठाऊक होतं अशी.